हुमणीचा भाद्रपद

गौरी-गणपती गेले की आमचं गाव एकदम मोकळं मोकळं वाटायला लागतं. चौकातला मंडप निघतो, बांबूंचे खड्डे तेवढे मागे राहतात, आणि ऊन असं पडतं की पावसाळा संपला म्हणावं की मधल्या सुट्टीवर गेलाय म्हणावं, ते कळत नाही. बाजरी कणसात आलेली असते. कपाशीला पात्या धरतात. डोंगरावर तरवड पिवळाधमक होतो, गवत कमरेला लागतं, आणि त्यातून चालून घरी आलं की पातळाच्या काठाला चिकटलेली कुसळं काढण्यात अर्धा तास जातो. नगरला लहानपणी भाद्रपद म्हणजे मोदक, एवढंच मला ठाऊक होतं. आता भाद्रपद आला की मी पानं बघत हिंडते.

याही वर्षी हिंडतेय. सकाळी सहाला काठी घेऊन डोंगर चढायचा आणि उतारावरच्या एकेका लहान झाडापाशी वाकून, बुंधा दोन बोटांत धरून जरासा हलवायचा. दुधाचा दात हलतो का ते बघावं, तसं. घट्ट असला की पुढे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांना विचारतंय कोण? गावातली पोरंसोरं म्हणतात, "बाई झाडांची नाडी बघत्यात." म्हणू देत. त्यांच्या आयाबापांना मी एकतीस वर्षं याच गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, चेष्टेची सवय आहे.

गाव शेवगाव तालुक्याच्या दक्षिण टोकाला, डोंगराचं शेपूट जिथे जमिनीला टेकतं तिथे. डोंगर मूळचा बोडका नव्हता, आम्हीच केला होता. मग एकदा अख्खी ग्रामसभा बस करून हिवरे बाजारला जाऊन आली आणि येताना कुऱ्हाडबंदी घेऊन आली. सहलीहून माणसं काहीबाही आणतात आणि आठवड्यात विसरतात, तसंच हे, असं मला वाटलं होतं. पण विसरली नाहीत. कुऱ्हाड थांबली, शेरडं थांबली, आणि पाच-सहा वर्षांत मुरमात दबून बसलेली खुंटं फुटून वर आली. हिवर, खैर, धावडा, बोरी, अंजन. कुणीही न लावलेली. जंगल आणावं लागत नाही, आपण त्याच्या वाटेतून बाजूला झालो की ते आपलं आपण येतं, असं मी तेव्हा वर्गात सांगायची. वाक्य बरं होतं. त्याच्यापुढेही काही असतं, हे मला फार उशिरा कळलं.

या जंगलाच्या पायथ्याशी गावाची आणखी एक रीत रुजली. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी सावडलेली रक्षा पूर्वी पैठणला न्यायची. आता बहुतेक घरं ती गाडग्यात घालून गोठ्याबाहेरच्या झाडाला टांगून ठेवतात, आणि आषाढात जमीन भिजली की उतारावर खड्डा घेऊन रक्षा त्यात घालतात, वर एक रोप लावतात. रोप याच डोंगरातलं लागतं. एक घर हौसेनं गुलमोहर घेऊन निघालं होतं, त्यांना सगळ्यांनी अर्ध्या वाटेतून परत पाठवलं. गावात कुणालाही "तुझा बाप कुठाय रे?" असं विचारलं तर तो डोंगराकडे हात करतो, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं.

माझे यजमान शाळेत लिपिक होते. ते तिथे कडुनिंब होऊन उभे आहेत. त्यांच्यापासून आठ-दहा पावलांवर कांताच्या रंगनाथांचा अंजन होता.

कांता माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आठवीपर्यंत माझ्याच वर्गात होती, मग लग्न झालं. ऊसतोडीला जोडप्याला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकमध्ये चढवते. दसरा झाला की हा कोयता बेलापूरकडच्या उसात जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. एका वैशाखात रंगनाथ असेच परत आले आणि आठ दिवसांच्या तापात गेले. तेव्हापासून कांता भावाबरोबर जाते. मुकादमाच्या हिशेबी ती आता अर्धा कोयता. हा शब्द ती स्वतःच वापरते, अगदी सहज. 

त्या वर्षी आषाढात तिनं अंजन लावला आणि दसऱ्यानंतर निघताना मला म्हणाली, "बाई, ह्यांच्याकडं बघा." बघायचं म्हणजे ती परत येईपर्यंत आठवड्यातून दोनदा बादली न्यायची, आणि ती मी नेली. अंजन फार सावकाश वाढतो. आधी खाली जातो, मग वर यायचं बघतो. कोवळी पानं तांबूस असतात आणि दोन-दोन जोडलेली, गाईच्या खुरासारखी. वितीचा हातभर व्हायला त्याला अख्खं वर्ष लागलं. चैत्रात कांता परतली ती वळकटी दारात टाकून आधी डोंगरावर आली. झाडापाशी उभी राहून तिनं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हायेत," म्हणाली आणि घरी गेली.

पुढच्या आषाढात ग्रामसभेत उतारावरच्या झाडांचा विषय निघाला. झाडं जगलीत पण वाढत नाहीत, काय करावं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. निवृत्त मास्तरणीला गावात दोनच कामं असतात, अर्ज लिहून देणं आणि विचारलं की काहीतरी सांगणं. मी सांगितलं, "शेणखत घाला." माना डोलल्या. चांगलं कुजलेलं घाला, हे मी बोलले नाही. शेतकऱ्याला शेणखत काय शिकवायचं, असं वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल, तेवढ्यात चहा आला होता.

पण आषाढात आमच्या उकिरड्यांत कुजलेलं काही उरलेलंच नसतं. ते मृगाच्या आधी गाडीत भरून वावरात पडलेलं असतं. मागे राहतं ते वरचं, ओलं, अर्धकच्चं. गावानं तेच पाट्यांत भरलं आणि डोक्यावर घेऊन डोंगर चढून आपापल्या माणसाला नेऊन घातलं. म्हाताऱ्या सासवांनी घातलं, बापाशी आयुष्यभर न बोललेल्या मुलांनी घातलं. इतकी माया मी या गावात एका आठवड्यात कधी पाहिली नव्हती. मी मात्र आळशी. मला ना जनावर ना उकिरडा. यजमानांना मी काहीच घातलं नाही.

हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, आमच्याकडे कुणाला नवी नाही. वळवाची एखादी सर येऊन गेली की दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बोरीवर, बाभळीवर बसून पाला खातात. झाडाखाली उभं राहिलं तर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मग मादी अंडी घालायला मऊ जागा शोधते, आणि आमच्या मुरमाड भागात कच्च्या शेणाइतकी मऊ आणि उबदार जागा दुसरी नाही. अळी आधी शेणावर पोसते, मग मुळांकडे वळते. भाद्रपदात ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात भुकेली असते. हे चक्र मी दर वर्षी फळ्यावर काढलं आहे. अंडं, अळी, कोष, भुंगेरा आणि चार बाण. अळी काय खाते, ते मी कधी काढलं नाही. परीक्षेत विचारत नसत.

खरं सांगायचं तर हुमणीचा मला राग येत नाही. ती या डोंगराचीच आहे, आमच्याही आधीपासूनची. मोठ्या खैराच्या, हिवराच्या मुळाशी ती आजही असते, चार मुळ्या खाते, झाडाला पत्ताही लागत नाही. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं आहे. लहान झाडाला मात्र मूळ एकच, करंगळीएवढं. त्याच्याशेजारी अळ्यांची पाटीच्या पाटी आम्ही आमच्या हातांनी नेऊन ओतली होती. अति तिथे माती म्हणतात. मायेलाही ते लागू आहे, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळावं याची थोडी लाज वाटते.

त्या भाद्रपदात पहिल्यांदा लक्षात आलं ते कांताच्याच. अंजनाची पानं भर सकाळी मिटलेली असायची. मग खाली लोंबायला लागली. माती ओली होती, पाणी कमी नव्हतं. कुणी म्हणालं, मुंग्या लागल्या. कुणी म्हणालं, वारं लागलं. वनरक्षक मोटरसायकलवरून खाली न उतरताच म्हणाला, ऊन लागलं. शेंडा मात्र हिरवा होता, त्यामुळे ज्याला जे म्हणायचं ते म्हणता येत होतं.

पितृपक्ष लागला. पंचमीला रंगनाथांची तिथ होती. घरी पितर जेवले, पत्र्यावर कावळ्याला घास ठेवला, आणि मग पत्रावळीवर कढी, वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी घेऊन कांता डोंगरावर आली. पत्रावळ तिनं अंजनापुढे ठेवली. मी जवळच होते, रिकाम्या हातानं.

"बाई, रुसलेत," ती म्हणाली. "काय तरी राह्यलंय त्यांचं."

"काय राहिलं असेल?"

"त्येच तर कळंना. कावळ्यानं घास लगीच नेला. मग हितंच का असं?" पत्रावळीच्या कडेला वाटीभर गुळाचा शिरा होता, तो तिनं जरा पुढे सरकवला. "फडावर हुतो तवा एकदाच म्हनले, कांता, शिरा कर. म्या म्हनलं, शिरा करू का मोळ्या बांधू? आज करून आनलाय."

 दुसऱ्या दिवशी ती शेणाची आणखी एक पाटी घेऊन आली आणि अंजनाच्या बुंध्याशी ओतली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तिच्या तोंडाकडे बघून मला ते म्हणवलं नाही. ती गेल्यावर मी वाकून बुंधा हलवला, आणि तो हलला. पुरलेल्या काठीसारखा, सगळीकडून. तेव्हा मला कळलं, आणि ग्रामसभेतला तो चहाही आठवला.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "कांता, मुळाशी हुमणी दिसतेय. उकरून बघायला हवं."

ओट्यावर शिवरामतात्या बसले होते, रंगनाथांचे थोरले भाऊ. कांतानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तात्या म्हणाले, "रक्षेला कुदळ लावायची न्हाई. एकदा ठिवल्याली रक्षा कुनी उकरतं का, बाई? तुमच्यात उकरत्यात?"

आमच्यात ती एव्हाना गोदावरीतून वाहून गेली असती. पण यजमानांची मी गावच्या रीतीनं इथेच ठेवली होती. तात्या वाईट माणूस नव्हेत. उतारावर त्यांची आईही आहे, तिच्या करंजाचीही पानं पिवळी पडत होती, आणि तरी ते हेच म्हणाले असते. गावात कुणीच उकरायला तयार नव्हतं. मोठमोठी बागाइती माणसं, उसातली हुमणी नांगरून काढणारी, इथे हात बांधून उभी होती.

मग ते दिवस नुसतेच गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोडीचा ट्रक येणार होता. कांता रोज सकाळी यायची, झाडापाशी बसायची. "असं टाकून कशी जाऊ?" हे ती मला विचारत नसे, त्यालाच विचारायची. एक पान गळालं की उचलून पदरात ठेवायची. मी वरच्या वाटेनं जायला लागले.

सर्वपित्रीच्या सकाळी ती खुरपं घेऊन आली.

"तात्यांना विचारलंस?" मी म्हटलं.

"न्हाई इचारलं. कोयता अर्धा झाला, बाई. खुरपं तर माझं हाय."

तिनं चपला लांब काढल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि कडेकडेनं, बाजरीतलं गवत काढावं इतक्या हलक्या हातानं, उकरायला घेतलं. आधी शेण निघालं, मग काळी भुसभुशीत माती. मधेच आधाराला म्हणून तिनं अंजनाला हात लावला आणि अंजन तिच्या हातात आला. काही तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मुळाच्या जागी कुरतडलेलं टोक होतं, शिसपेन्सिलीला करून द्यावं तसं. वर शेंडा अजून हिरवा होता.

खड्ड्यात रक्षेचे करडे कण दिसत होते. त्यांच्यातच अळ्या होत्या, पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या, अर्ध्या वळून पडलेल्या. कांतानं खुरपं खाली ठेवलं.

"ह्या काय खाऊन एवढ्या झाल्या, बाई?"

"मूळ खाऊन."

"आन्‌ मूळ काय खाऊन झालं हुतं?"

मला शिकवताना कुणी अडवलं की मी म्हणायची, ते पुढच्या धड्यात आहे. 

हुमणी सापडली की गावात ती कोंबड्यांपुढे टाकतात. कोंबड्या तुटून पडतात. कांता म्हणाली, "कोंबड्यांस्नी न्हाई टाकायच्या." मी, एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई, तिला हळूच म्हणाले, "मग सोडून द्यायच्या का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आठवीत आहे.

"सोडायच्या कशा? बाकीच्यांची झाडं हायेत की शेजारी."

रॉकेल घातलेल्या पाण्याचा डबा मी आणला होता. तिनं मला हात लावू दिला नाही. एकेक अळी दोन बोटांनी उचलून, माती झटकून, तिनं स्वतः डब्यात सोडली. शेवटची सोडल्यावर खड्डा हातानं चाचपून बघितला. मग तिथेच मांडी घालून बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. रंगनाथ गेले तेव्हा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो मी थोडा स्वतःला आधार म्हणूनही ठेवला होता.

दुपारी तात्या आले. रिकामा खड्डा बघितला, डबा बघितला. चिडतील असं मला वाटलं होतं. ते पागोट्याचा शेव चाळवत खाली बघून म्हणाले, "कांता, आईचं बी बघती का जरा?"

मग सगळ्यांनीच तिला बोलावलं. स्वतःच्या माणसाच्या रक्षेला हात लावायला कुणी धजत नव्हतं, आणि तिला आता भ्यायचं काही उरलं नव्हतं. पुढचे आठ-नऊ दिवस, घरी घट बसलेले असताना, कांता सकाळ-संध्याकाळ उतारावर होती. प्रत्येक झाडापाशी आधी त्या माणसाचं नाव घ्यायची, "जरा सरका, मामा," "आत्याबाई, दुखंल थोडं," असं बोलायची आणि मग खुरपं लावायची. कच्चं शेण काढून लांब टाकलं, अळ्या वेचल्या, कृषी केंद्रातून आणलेली, हुमणीला मारणाऱ्या बुरशीची पावडर मातीत मिसळली. दहाबारा झाडं गेली. बाकीची, मूळ अर्धंमुर्धं शाबूत असलेली, जगली. तात्यांच्या आईचा करंज आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय. सकाळी मी ज्यांचे बुंधे हलवत हिंडते, ती ही झाडं.

माझ्या यजमानांच्या कडुनिंबाला काहीच झालं नव्हतं. शेण नव्हतं, मुरूम कडक होता, हुमणीला तिथे बोलावणंच नव्हतं. लोक म्हणाले, "बाईंना आधीच ठाऊक हुतं. बाई हुशार." ही स्तुती मी ऐकून घेतली. बोलायची खरी वेळ तीच होती. मी चष्मा पुसला.

कांताचा खड्डा तेव्हापासून तसाच आहे. दोन पावसाळे झाले. एकदा मीच अंजनाचं रोप पिशवीत वाढवून ठेवलं होतं, तेही शेवटी वरच्या अंगाला लावून टाकलं. तिनं कुणालाच तिथे काही लावू दिलं नाही, आणि का, ते कुणी विचारलं नाही. मला ते माहीत आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी ती सोनं द्यायला माझ्याकडे आली. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडली. तिची वळकटी बांधून झाली होती, पहाटे ट्रक येणार होता. ती उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, "थांब, कांता." दोन आठवडे पाठ केलेलं वाक्य होतं, सरळ म्हणता आलं. "शेणखत घाला, असं सभेत मी सांगितलं होतं. कुजलेलं घाला, हे सांगायचं राहिलं. तुझा अंजन माझ्यामुळे गेला."



"कंच्या सभंत?"

"आषाढातल्या."

"म्या कुठं हुते सभंला? म्या वावरात सरकी टोबायला गेल्ते."

मी इतके दिवस उराशी धरलेला अपराध तिनं असा सहज बाजूला ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगते, आधी जरासा अपमानच वाटला.

"मग शेण कुणाच्या सांगण्यावरून घातलंस?"

"कुनाच्याच न्हाई. माझ्या मनानं." ती पुन्हा खाली बसली. हातातलं उरलेलं एक आपट्याचं पान तिनं गुडघ्यावर ठेवून सरळ केलं. "चांगलं कुजल्यालं लई हुतं, बाई, आमच्या उकिरड्यात. मिरगाच्या आधी समदं वावरात वढलं. शेवटची पाटी भरताना मनात आलं हुतं, ही त्यांच्यासाठी मागं ठिवावी. मग म्हनलं, कपाशीला कमी पडंल. त्यांस्नी घालू नंतर उरलंसुरलं. ते काय म्हनायचे न्हाईत."

बाहेर तिचा भाऊ हाका मारत होता. तिनं ऐकलं, पण ती उठली नाही.

"ते कधी काय म्हनायचेच न्हाईत, बाई."